आदल्या दिवसाची आत्याबाई

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझ्या पोटात राहणार नाही! आदिलाबाद स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसून टाइप करून राह्यली, चुका झाल्या तर समजून घ्या. माझी आई आत्ताच मुंबईच्या गाडीत बसून गेली. तिथून ती जहाजात जाणार. मोठ्या, पांढऱ्या, समुद्रातल्या जहाजात. गाडी वेळेवर पोचली तरी जहाज सुटायला एक अख्खा दिवस उरतो, आणि तरी आम्ही आज स्टेशनवर इतक्या लवकर आलो की ऑटोवाल्यानं विचारलं, "गाडी उद्याची हाय का वो?" हे सगळं आत्याबाईमुळं. ती आता नाही. पण गाडी हलली तेव्हा मला फक्त तीच आठवली.

आत्याबाई म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. गुडीहत्नूरच्या शाळेत मराठी शिकवायची. अख्ख्या नात्यात तिचं नाव 'आदल्या दिवसाची आत्याबाई', कारण ती कुठंही जायची तर आदल्या दिवशीच. लग्न उद्या, आत्याबाई आज. मांडववाले बांबू उतरवत असायचे, नवरीचा बाप बनियनवर फिरत असायचा, आणि ही बाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेली. "चालू द्या तुमचं, मी काई पाहुणी नाई." लोक वैतागायचे, मागून हसायचे. पण दुसऱ्या दिवशी ज्याला पिन पाहिजे, सुईदोरा पाहिजे, डोकेदुखीची गोळी पाहिजे, तो बरोबर तिच्याच पिशवीपाशी यायचा.

याला कारण होतं. बाबा आणि ती भीमपूरकडच्या एका खेड्यात वाढले. गावातून बाहेर पडायचं तर मधे नाला, आणि पावसाळ्यात तो भरला की बसा. तिला शिक्षकाच्या नोकरीसाठी बोलावलं तेव्हा ती आदल्या दिवशीच निघून गेली. तिची मैत्रीण म्हणाली, मी उद्या सकाळी येते. रात्री पाऊस झाला आणि मैत्रीण नाल्याच्या त्या काठावरच राहिली. "माह्याहून हुशार होती ते पोरगी," आत्याबाई दर वेळी सांगायची. "पण नाल्याले काय मालूम, कोन हुशार हाय?" आणि मग तिचं ते वाक्य, जे आमच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे: "रस्ता कितीबी चांगला असो, मधात एक नाला असतेच."

आता जहाजाकडं येते. बाबा गेले आणि आई घरात बसली. बसली म्हणजे बसलीच. जवळच्या मावल्याच्या बाजारात भाजी आणायलासुद्धा जाईना. लग्नाच्या पत्रिका यायच्या, ती टीव्हीवर ठेवून द्यायची. विहारात जाणं बंद. मी बोलून थकले, मावशी किनवटवरून येऊन रडून गेली. वर्ष असंच गेलं. मग एक दिवस आत्याबाई आली, चहा प्यायली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सुनंदा, आपण जहाजात जाऊन राह्यलो."

"मी नाई येत, ताई," आई म्हणाली.

"तुले इचारलं कोनं? तू फक्त सामान बांधाले मदत कर. माह्याच्यानं आता वाकनं होत नाई."

साफ खोटं! ही बाई वाकून अख्खं अंगण झाडायची.

तिला सोडायला फाटकापर्यंत गेले तेव्हा मी विचारलं, आत्याबाई, जहाजच काऊन? तिरुपती, हैदराबाद, काहीही चाललं असतं. ती म्हणाली, "हे पाह्य. लग्नात नेली तं बाया म्हणतीन, आली सजून. देवदर्शनाले नेली तं म्हणतीन, बिचारी. जहाजात आपल्याले वळखते कोन? तिथं तुही माय नुसती बाई असन. जेवन, झोपन, पाणी पाहीन." मी फाटकाशी उभीच राहिले. आम्ही सगळे आईला परत पहिल्यासारखी करायला निघालो होतो. आत्याबाईला फक्त तिला चार दिवस कोणी बघू नये असं पाहिजे होतं.

मग तयारी सुरू झाली, आणि काय तयारी! बुकिंगवाला पोरगा नागपूरचा. आत्याबाई त्याला इतके फोन करायची की तो तिला 'बोला मॅडम, आज काय राहिलं' म्हणूनच उचलायचा. त्यानं आम्हा तिघींसाठी वरच्या मजल्यावरची, एकदम मागच्या टोकाची खोली स्वस्तात देतो म्हटलं. आत्याबाईनं त्याला विचारलं, "बसच्या मागच्या सीटवर बसून कधी खड्ड्यातून गेला का बाबू? मधली दे. आन् खालची. नाचगाण्याच्या हॉलपासून दूर." खरंच मधे खाली कमी हलतं, हे मला नंतर कळलं. आमच्याकडं कागदोपत्री आडनाव आधी येतं, आणि मी घाईत आईचं आडनावच नावाच्या जागी भरलं होतं. आत्याबाईनं आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहिलं आणि महिनाभर आधीच दुरुस्त करायला लावलं. मी म्हटलं, तिथं कोण बघतंय एवढं? "बहाना नामंजूर," ती म्हणाली. शाळेतही पोरांना हेच म्हणायची.

मोठ्या बॅगा बंदरावर घेऊन टाकतात आणि त्या खोलीत संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं, कागदं, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. आत एसी लय गार, म्हणून स्वेटर. मळमळीची गोळी डॉक्टरला विचारून, आणि जहाज हलायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. आई हे सगळं ऐकत घड्या घालत राहायची. "मी नाई येऊन राह्यली बरं," मधून मधून म्हणायची. एकदा तिनं विचारलं, धपाटे करून देऊ का? मी म्हणाले, आई, बाहेरचं खाणं जहाजात नेऊ देत नाहीत. तिचा चेहरा उतरला. आत्याबाईनं मला असा चिमटा काढला! "जहाजात नाई नेऊ देत. गाडीत कोन अडवते? आन् मधात आपला आदला दिवस हाय ना. कर, लसूण जास्त टाक." वर्षभरानं आमच्या घरात धपाट्यांचा वास आला. मी मागच्या अंगणात जाऊन थोडी रडले, खरं सांगते.

निघायच्या दिवशी आई म्हणाली, मी फक्त स्टेशनपर्यंत सोडायला येते. तिचं तिकीट आत्याबाईच्या पर्समधे होतं, हे तिघींनाही माहीत होतं, पण कोणी बोललं नाही. स्टेशनवर आत्याबाई म्हणाली, "किनवटपर्यंत चाल. बहिणीकडं उतर, दोन दिवस राह्य." आई चढली. किनवट आलं तेव्हा आत्याबाई धपाट्याचा घास घेत म्हणाली, "चटणी कुठं ठेवली वो?" आई चटणी शोधायला लागली आणि किनवट गेलं.

"ताई!"

"आता काय करतं? नांदेडले उतर."

नांदेडला आईची चप्पल सीटखाली पार आत गेली होती. तिथं ती कोणी सरकवली, मी सांगणार नाही. पुढं कुठल्याशा आडस्टेशनवर गाडी तासन्‌तास उभी राहिली. डब्यात आरडाओरडा, एकाचं विमान होतं, तो घामाघूम. आत्याबाई खिडकीला टेकून शांत. "आला नाला," म्हणाली आणि झोपली.

मुंबईला उशिरा पोचूनही आमच्या हातात दिवस होता. बंदराजवळ लॉजमधे सामान टाकलं आणि आत्याबाई आम्हाला समुद्राकडं घेऊन गेली. लांबून जहाज दिसत होतं. जणू एखादी कॉलनीच पाण्यात नेऊन उभी केली. आई कठड्याला धरून बघत बसली. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आत्याबाईचा चिमटा. ऊन उतरायला लागलं तेव्हा आईनं विचारलं, "हे बुडत नाई का?"

"मले काय मालूम. उद्या पाहू."

मग आई जहाजाकडं बघतच म्हणाली, "ताई, मंग मी उद्या घालू काय? सगळ्या साड्या घरच्याच घेतल्या."

लॉजवर आल्यावर आत्याबाईनं स्वतःच्या बॅगेच्या तळातून आईची पोपटी साडी काढून पलंगावर ठेवली. बाबांनी घेतलेली. आईच्या कपाटातून ती कधी काढली, देव जाणे. आई साडीवरून हात फिरवत राहिली. आत्याबाई मला म्हणाली, "म्हणून म्हणते पोट्टे, एक दिवस हातात ठेवाव." जहाजाच्याच दिवशी मुंबईत उतरून थेट बंदरावर गेलो असतो, तर आई गेटवरूनच परत फिरली असती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं लोक ज्याला हसत होते, ते काय होतं.

जहाजावर कोण आजारी पडलं? मी! गोळी नंतर घेऊ म्हटलं ना. आई आणि आत्याबाई मस्त. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकवत होते तेव्हा लोक सेल्फी काढत होते, आत्याबाई पहिल्या रांगेत. किनारा सुटायच्या आधी माझा मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायला लावला, समुद्रातलं रोमिंग महाग असतं म्हणून. गोव्याला उतरलो तर सगळ्यांच्या कितीतरी आधी आम्ही परत जहाजावर, आणि मी चिडलेली. पण एक सांगते. दुसऱ्या दिवशी डेकवर मराठी, हिंदी, गुजराती सगळ्यांचा गलका चालला होता, त्यात मागून एका बाईचा आवाज आला, "तिन्नारा?" तेलुगूत, जेवलात का! निजामाबादची होती, आपल्या माणसांना विचारत होती. आणि माझी आई, जी वर्षभर दारातल्या माणसाशी बोलत नव्हती, ती पोपटी साडीत गर्रकन वळली आणि उत्तर देऊन मोकळी झाली, "तिन्नामु, तिन्नामु! मीरु?" म्हणजे जेवलो, जेवलो, तुम्ही? आमच्या आदिलाबादच्या बाजाराची भाषा समुद्रात भेटली. दोघी रात्रीच्या जेवणापर्यंत हलल्या नाहीत. आत्याबाई लांबच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. झोपलेली नव्हती, मी पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात आत्याबाई झोपेतच गेली. आई तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तिथंबी आंधीच पोचल्या का वो ताई?" सगळे रडता रडता हसले. मला मात्र भीती, की आई आता परत घरात बसणार. काही दिवस बसलीही.

मग शेजारच्या कमलकाकूंचे मिस्टर गेले. त्यांचा भाजीचा मळा आहे, पण काकू मळ्यात जाईनात, दार लावून बसायला लागल्या. एक दिवस मी ऑफिसमधून आले तर आई भिंतीवरून बोलत होती. "कमल, आपण जहाजात जाऊन राह्यलो."

"मी नाई येत, बाई."

"तुले इचारलं कोनं? सामान बांधाले मदत कर."

मी गाडीची चावी हातात धरून तशीच उभी. सेम! शब्द न शब्द सेम!

आज कमलकाकू स्टेशनवर 'फक्त सोडायला' आल्या होत्या. त्यांचं तिकीट आईच्या पर्समधे. गाडी सुटताना खिडकीतून मला ओरडून सांगत होत्या, "मी किनवटले उतरून येते बरं!"

थांबा, थांबा, टाइप करता करता तास-दीड तास गेला आणि आईचा मेसेज आला! लिहिलंय, 'किनवट गेलं. कमल धपाटे खाऊन राह्यली.'

मी इथं टपरीवर एकटी हसून राह्यली आणि चहावाला बघतोय. तुमच्या घरी होती का हो अशी कोणी, जिनं तुम्हाला न विचारताच गाडीत बसवलं, आणि तुमचं किनवट कधी मागं पडलं ते तुम्हाला कळलंच नाही?