दिवाणाच्या पायांना लावलेली चिकटपट्टी

"हा पेरिमेनोपॉज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं, त्याला फॉर्मिकेशन म्हणतात."

माणिकपूरच्या त्या दवाखान्यात मी बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. वैशालीने डोळे मिटले. मला वाटलं, तिला धक्का बसला. खरं तर तिला हायसं वाटलं होतं. मला मात्र संशय आला. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि तरी या बाई आजाराचं नाव सांगतात?

पेरिमेनोपॉज म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीचा काळ. तो काही वर्षंही चालतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या काळात वरखाली होत राहतं आणि पुढे कमी होतं. त्वचा कोरडी पडते, पातळ होते, खाज सुटते. काही जणींना त्वचेवर किडे फिरल्यासारखं वाटतं. तेच फॉर्मिकेशन.

"म्हणजे भास," मी म्हणालो.

"भास म्हणू नका. मुंगी खोटी आहे, चालणं खरं आहे."

हे ज्यांच्या घरात चालू असेल त्यांनी, विशेषतः नवऱ्यांनी, पुढचं वाचावं. मी जे केलं ते करू नये.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मी बाहेरून येणारा माल तपासतो. भिंगाखाली दोष दिसला तर माल परत, नाही दिसला तर पास. हीच पद्धत मी घरी, आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये वापरली.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका सकाळी डबा भरताना वैशाली म्हणाली, "अहो, पोटऱ्यांवर काहीतरी चालतंय." मी वाकून पाहिलं. काही नव्हतं. दोन दिवसांनी दंडावर, मग पाठीवर. मी ठरवून टाकलं, ढेकूण.

दिवाण उलटा केला. गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या. काही सापडेना, तेव्हा माझा संशय केळ्यांवर गेला. वैशालीच्या पतपेढीत तिच्या शेजारच्या टेबलावर सांडोर गावची फिलोमिना बसते. ती वाडीतली भाजी, केळफूल, कधी राजेळी केळ्यांची फणी घेऊन आमच्याकडे यायची. फणीत मुंग्या असतातच, मी म्हणालो. एकदा ती दारात उभी असतानाच मी तिची पिशवी हातात न घेता सांगितलं, "आता हे आणत जाऊ नका. घरात किडे होतात."

ती गेल्यावर वैशाली म्हणाली, "माणसंही परत पाठवायला लागलात का?"

मग पेस्ट कंट्रोल केलं. औषधाचा वास चार दिवस गेला नाही. वैशालीचे हात लाल झाले, कोपरांपाशी कातडी फुटली. मी मेडिकलमधून, कोणालाही न विचारता, खाजेची एक ट्यूब आणली. पहिले काही दिवस आराम पडला. मग मानेवर लावलं तिथे जळजळ सुरू झाली. मी म्हणालो, लाव, येईल गुण.

शेवटी मी दिवाणाच्या चारही पायांना चिकटपट्टी गुंडाळली, चिकट बाजू बाहेर. जे चढेल ते अडकेल. रोज सकाळी भिंग घेऊन बघायचो. एक मच्छर आणि धूळ, एवढंच मिळालं.

पट्टीवर किडा नाही म्हणजे किडा नाहीच. मग दोष कुठे? आता मी बायकोला तपासायला लागलो. ती घामाने भिजून उठायची. ओळखीच्या माणसांची नावं विसरायची. साध्या बोलण्यावर डोळ्यांत पाणी यायचं. मी तिच्या भावाला फोन करून सांगितलं, "तिच्या मनाचं काहीतरी बिघडलंय. तुम्ही जरा बोलून बघा."

भावाने सरळ तिलाच फोन लावला. बोलणं झाल्यावर तिने फोन ओट्यावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या कंपनीतलं रिजेक्टचं स्टिकर आणा. कपाळाला लावा आणि पाठवा माहेरी."

मी हसलो. ती हसली नाही.

त्या दिवसापासून तिने मला सांगणं बंद केलं. मला वाटलं, बरी झाली. पण ती उकाड्यातही लांब बाह्यांचे कुडते घालत होती, आणि पोटऱ्यांवर नखांचे ओरखडे होते. शनिवारी ती उशिरा यायची. कुठे होतीस, विचारलं की "सांडोरला." फिलोमिनाकडे एवढं काय असतं? कोणी अंगारा देतं? कोणी मंत्र घालतं? मी तिच्या पर्सकडेही संशयाने बघायचो.

एक दिवस तीच म्हणाली, "फिलोमिनाला हेच झालं होतं. तिच्या डॉक्टरकडे चाललेय. यायचं तर या." मी सोबत म्हणून गेलो असं सांगेन, पण लक्ष ठेवायला गेलो होतो.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

"पाच महिने झाले."

एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

मग त्यांनी मान पाहिली, आणि वैशालीने पर्समधून काढून दिलेली ट्यूब वाचली. "ही ट्यूब कोणी दिली? यात स्टेरॉइड आहे. असं मनाने लावत राहिलं तर त्वचा आणखी पातळ होते."

"घरात होती," वैशाली म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"मी आणली," मी म्हणालो.

थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व, सगळं तपासलं. त्यातल्या बिघाडानेही असं होऊ शकतं. रिपोर्ट घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तेव्हाचा प्रसंग मी सुरुवातीला सांगितला. त्या दिवशी मी हटूनच विचारलं, "रिपोर्टात काही नाही, डोळ्यांना दिसत नाही. मग तुम्ही म्हणता कशावरून?"

"त्या सांगताहेत त्यावरून," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीची कारणं तपासली, ती नाहीत. आता यांचं सांगणं हाच पुरावा. तुम्हाला दुसरा कुठला हवाय?"

मी रिपोर्ट घडी करून फाइलमध्ये ठेवले.

उपाय साधे होते. कढत पाणी बंद, कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ. सौम्य साबण. अंग ओलसर असतानाच जाडसर मॉइश्चरायझर. सुती कपडे, उन्हात जाताना सनस्क्रीन. हॉर्मोनच्या गोळ्यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोललो, फायदे-धोके ऐकले. निर्णय वैशालीचा, ती अजून विचार करतेय. त्यांनी एक गोष्ट बजावली, ती इथे लिहितो. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नये, लगेच दाखवावं.

त्वचा दीड महिन्यात सुधारली. पण मला ती काही सांगत नव्हती. मॉइश्चरायझरची बाटली घ्यायची आणि आत जाऊन दार लोटायची. हात पोचेल तिथे लावायची.

मी फिलोमिनाला फोन करून माफी मागितली. पुढच्या रविवारी ती फणी घेऊन दारात. "भावोजी, भिंग आणा. एकेक केळं बघून घ्या, मग मी आत येते." वैशाली स्वयंपाकघरातून हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसू ऐकलं. मी फणी घेतली आणि तिथेच उभा राहून एक केळं खाल्लं.

त्या दुपारी दिवाणाच्या पायांवरच्या पट्ट्या सोडवत बसलो होतो. डिंक लाकडाला धरून बसला होता, नखांनी खरवडावा लागला. वैशाली दारात उभी राहून बघत होती. चौथा पाय झाल्यावर ती येऊन दिवाणावर बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि बाटली मागे धरली.

"अहो, आज पाठीवर आहे. माझा हात पोचत नाही."

मी हात धुऊन आलो. "कुठे?"

"अजून खाली. डावीकडे."

मला तिथे काहीच दिसत नव्हतं. ती सांगेल तिथे मी लावत गेलो.