दादाच्या मोरीचा पाईप

मित्रांनो, आज बुवापाड्यातल्या आमच्या घरामागच्या नव्या खोलीचा कोबा झाला. पण कशातच मन लागत नाहीये.

दादा शेजारीच राहतो. त्याच्या मोरीचा पाईप या खोलीखालून गटारात जातो. घराच्या वाटणीवरून वाजल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. तरी पाईपातून पाणी वाहिलं की मला कळायचं, वहिनी उठल्या, पोरं आंघोळीला गेली.

सकाळी मिस्त्री म्हणाले, "पाईपाला फोम गुंडाळतो, आवाज येणार नाही."

मी म्हटलं, "राहू द्या, मला सवय आहे."

तेवढ्यात दादा आला. मला वाटलं, बोलायला आला. बायकोने लगेच चहा टाकला.

माझ्याकडे न बघता तो मिस्त्रींना म्हणाला, "फोम डबल मारा. आमच्या घरातलं काही इकडे ऐकू यायला नको."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पाईपावर फोम, वर थर्माकोल, त्यावर कोबा. दादाचा चहा तसाच राहिला.

आता वहिनींची भांडी घासायची वेळ झालीय. मी ओल्या कोब्यापाशी उंबऱ्यात बसलोय. खालून काहीच ऐकू येत नाही.

तुमच्या भावाच्या घरी आत्ता काय चाललंय, तुम्हाला माहीत आहे का?