घुटीचा रकाना

खोलीत अठरा मुलं होती आणि एकही रडत नव्हतं. माझ्या उमेदवारीचा पहिला दिवस, सकाळचे साडेआठ. भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट असा की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. आणि इकडे दोऱ्यांना टांगलेल्या झोळ्यांत अठरा बाळं निवांत पडलेली. आमच्या घरी तेव्हा काकूचं चार महिन्यांचं मूल होतं. ते एकटं सगळं घर डोक्यावर घेई. मी झोळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि मनाशी म्हटलं, हे काम आपल्याला जमणार.

"मौसी, सब इतने चुप कैसे?" मी तिथल्या आयाला विचारलं. साठीच्या पुढची माळवी बाई होती ती. सगळी मिल तिला मौसी म्हणे.

"घुट्टी देके लाती हैं, बेन," ती म्हणाली. "दोपहर तक चूँ नी करेंगे."

घुटी! मला हायसं वाटलं. घुटी मला चांगली माहीत होती. आईची सहाण, ओल्या फडक्यात बांधून ठेवलेलं वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड. प्रत्येकाचे वेढे मोजून घ्यायचे, जायफळाचे दोनच. मिलच्या बायका पहाटे उठून, भाकऱ्या थापून, शिवाय एवढं उगाळून येतात याचं मला कौतुकच वाटलं.

त्यांच्या तोंडची घुट्टी म्हणजे मोहरीएवढी अफूची गोळी, अंगावरच्या दुधात विरघळवलेली, हे मला कळायला चार आठवडे लागले. त्या चार आठवड्यांत मी काय करून बसले तेच लिहायचं आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात. संस्थान जाऊन मध्य भारत झाला होता. वडिलांच्या कचेरीवरची पाटी बदलली. मग कचेरी इंदूरला हलणार की ग्वाल्हेरला, यावर घरात रोज नवी बातमी. चार पिढ्या त्या एका कचेरीत गेलेलं आमचं घर पहिल्यांदाच इकडेतिकडे बघू लागलं होतं. त्यात नवा कायदा आला: कारखान्यात बायका कामाला असतील तर त्यांच्या लेकरांसाठी खोली हवी, आणि ती सांभाळायला शिकलेली बाई हवी. शिकलेल्या बाया होत्याच कुठे? म्हणून एक जाणती बाई नेमायची, तिच्या हाताखाली एक उमेदवार द्यायची आणि सहा महिन्यांत ती तयार करायची, असं मिलवाल्यांनी ठरवलं. मी मॅट्रिक झालेली आणि टापटिपीची म्हणून नातेवाइकांत प्रसिद्ध. वडिलांनी अर्ज लिहून दिला. आईनं दोन दिवस अबोला धरला. आत्या तेवढी हसली.

"लग्नाआधीच अठरा पोरं? बढिया काम केलंस!"

खोली सांभाळणाऱ्या मोठ्या बाई पुण्याच्या. तिथल्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात त्यांनी काम केलेलं. बोलणं कमी, हात भराभर चालणारे. त्यांच्याकडे दोन मिलची झूलाघरं होती. त्या खोलीला मिलमध्ये झूलाघरच म्हणत. आमच्याकडे मोठ्या बाई सोमवारी आणि गुरुवारी येत. बाकीचे दिवस मी आणि मौसी.

पहिल्याच आठवड्यात मी वही घातली. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला त्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. उभ्या रेघा मारून रकाने केले: आल्याची वेळ, दूध किती वेळा, झोप, शू, शी, अंग गरम की कसं. शेवटचा रकाना घुटीचा. सकाळी भोंग्याआधी बायका एकामागून एक येत, मूल माझ्या हातात देत आणि मी विचारी, "घुट्टी दी?" त्या मान हलवत. मी बरोबरची खूण करी. पंधरा खुणा, सोळा खुणा. मोठ्या बाईंनी वही चाळली तेव्हा म्हणाल्या, "अक्षर छान आहे." घुटीच्या रकान्यावर त्यांची नजर थांबली नाही. त्याही मराठीच.

तिसऱ्या आठवड्यात एक मूल गावी गेलं, आणि त्याच्या झोळीत आलेली नवी मुलगी मात्र या वहीत बसत नव्हती. सहा-सात महिन्यांची, मोठ्या कपाळाची. तिची आई आगर गावाकडच्या खेड्यातून नुकतीच आलेली, सुताच्या लडी करण्याच्या खात्यात लागलेली. सासू गावाकडे, इथे ती आणि नवरा दोघंच. ही मुलगी सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत रडे. दिवसातून चार-पाच वेळा आईला बोलावून आणावं लागे. मुकादम एकदा दारात येऊन सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "काम करने आती है कि छोरी खिलाने? कल से घर बैठ."

तिनं लुगड्याच्या पदरानं मुलीचं नाक पुसलं आणि परत गेली.

मला तिची दया आली. मी वही उघडली. तिच्या ओळीत घुटीचा रकाना सगळे दिवस रिकामा होता. उत्तर समोर असल्यासारखं वाटलं मला. संध्याकाळी तिला थांबवून मी सांगितलं, "तुम घुट्टी नहीं देतीं, इसलिए रोती है. सब देती हैं. सुबह देके लाया करो."

"छोटी है अभी, बाई," ती म्हणाली.

"अरे, छोटों के लिए ही तो होती है!"

"कित्ती देते हैं?"

"मौसी से पूछ लो," मी म्हणाले आणि दुपटी मोजायला वळले.

हे संभाषण एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तिच्या ओळीत पहिली खूण झाली. मुलगी झोपली. तिसऱ्या दिवशीही झोपली. मुकादमानं जाता जाता आत डोकावून "हाँ, अब ठीक" म्हटलं, आणि मी घरी जाऊन ते आईला सांगितलं.

चौथा दिवस गुरुवार. दुपारी दूध पाजायच्या सुट्टीत तिची आई आली. मुलीला मांडीवर घेतलं. मुलगी तोंड लावेना. दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून गळ्यावर गेलं. "सो री है, सोने दो," आई म्हणाली आणि तिला झोळीत ठेवून कामावर परत निघाली. मी वहीत 'दूध नाही' असं लिहिलं. लिहिताना शेजारचा रकाना दिसला. सकाळपासून शू नाही. म्हणून मी उठले. केवळ रकाना रिकामा दिसला म्हणून उठले, हे मला अजून नीट सहन होत नाही.

तिला उचललं तर मान मागे पडली. ओठ जांभळट. श्वास येत होता, पण एक आला की दुसरा येईतो माझाच जीव वरखाली होई.

"मौसी!"

मौसीनं वाकून बघितलं, गालावर बोटानं टिचकी मारली. "ज्यादा हो गई," ती म्हणाली.

"क्या ज्यादा हो गई?"

"अफीम. और क्या?" आणि माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मी विचारलं, मिलमध्ये कापड होतं का. "मैंने तो राई बराबर बोली थी. लाने में जाग गई होगी, तो रस्ते में दूसरी दे दी होगी."

मला ऐकू आलं सगळं, पण अर्थ एकेक शब्द करून आत उतरला. मी खोलीकडे बघितलं. सतरा झोळ्या. एकही हलत नव्हती. पंधरा खुणा, सोळा खुणा. माझ्या सुंदर अक्षरात.

मोठ्या बाई मिलच्या दवाखान्यात होत्या. त्या धावत आल्या, अंगठ्यानं मुलीची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्यांनी एकच विचारलं.

"घुटी म्हणजे काय, विचारलं होतंस?"

"नाही."

"टांगा बोलाव."

टांग्यात मुलगी माझ्या मांडीवर, शेजारी मोठ्या बाई, पुढे टांगेवाल्याजवळ तिची आई. मोठ्या बाईंनी छातीवरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तळव्यांवर टिचक्या मारत राहा. श्वास मोज. मोठ्यानं मोज." मी मोजत होते. देवास गेटाशी बैलगाड्या आडव्या आल्या आणि टांगा थांबला. मिनिटाला आठ. टांगेवाला ओरडत होता, "हटो रे, बच्ची है!" मिनिटाला सहा. एकदा श्वास थांबलाच. मोठ्या बाईंनी वाकून तिच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि हलकेच फुंकलं, दोनदा, तीनदा. छाती हलली. त्यांच्या डोक्यावरचा पदर रस्त्यावर लोळत होता. तो उचलायचं भान मला राहिलं नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी नळीनं पोट धुतलं. मग आईला विचारलं, "किसने कहा था देने को?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. रागानं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. "झूलाघर वाली छोटी बाई ने. बोली, सब देती हैं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. 'मी दुसरं काही समजले होते' हे वाक्य माझ्याकडे तयार होतं, खरंही होतं, आणि त्या टेबलाशेजारी ते उच्चारण्यासारखं नव्हतं.

चारच्या सुमारास मुलगी रडली. आधी मांजराच्या पिलासारखी, मग पुरता गळा काढून. तिच्या आईनं तिला छातीशी घट्ट धरलं, हसली, रडली, आणि मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बाई, अब ये रोएगी, तो मेरे को निकाल देंगे क्या?"

मुलगी मरता मरता वाचली होती आणि तिच्या आईला हे विचारावं लागत होतं. दिवसभरात मला बसलेल्या धक्क्यांत हा सर्वांत मोठा. निदान त्या वेळी तसं वाटलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"एवढी का दिली मेलीनं?" ती म्हणाली. "आपण खसखशीच्या दाण्याहून जास्त कधी दिली नाही."

"आपण?"

"तुझे दात येत होते तेव्हा. अगं, जायफळाच्या दोन वेढ्यांनी तू झोपणार होतीस होय?"

दुपारपासून माझं सगळं दुःख, सगळी शरम, एका गोष्टीवर टेकून उभी होती: त्यांची घुट्टी वेगळी आणि आपली घुटी वेगळी. आई मेथीची जुडी झटकून आत गेली. त्या रात्री मी जेवले नाही. मला काय झालंय हे घरात कुणाला कळलं नाही.

मोठ्या बाईंनी मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या शुक्रवार असून आल्या. "तुझी उमेदवारी आजपासून," त्या म्हणाल्या. "मागचा महिना धरायचा नाही. भोंग्याआधी दारात उभी राहा. काय दिलं, केवढं, कुणी सांगितलं, तिन्ही विचार." आज मी जिथे नव्या मुलींना शिकवते तिथे हे तीन प्रश्न तीन वेगळ्या रकान्यांत असतात. तेव्हा ते तोंडीच होते. मी विचारले. एकीनंही लपवलं नाही. गोळी सरकारी ठेक्याच्या दुकानात उघड मिळत होती, सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. मी आदल्या दिवशी काय झालं ते सांगितलं. कल से घुट्टी मत दो, म्हणाले.

एक दणकट बाई, जिचं जुळं आमच्याकडे असे, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अच्छा! और अठारह एक साथ रोएँगे तो? कितने हाथ हैं तेरे, बेन?"

बायका हसल्या. मौसीही हसली.

"जितके आहेत तितके," मोठ्या बाई मागून मराठीत म्हणाल्या. मग मौसीकडे वळून हिंदीत, "तुम्हारे भी दो गिनूँगी."

पहिल्या सोमवारी चौघी गोळी न देता आल्या. त्या चार मुलांना घाम फुटला, हगवण लागली, ती अशी किंचाळली की मागांचा आवाज त्यामुळे कमी वाटला. मुकादम धावत आला. मोठ्या बाईंनी त्याला दारातच अडवलं. "बच्चे हैं. रोते हैं. आप अपना काम देखिए." त्याच्या हातून त्या दिवशी कुणाला काढणं झालं नाही. पुढचं पुढे.

बुधवारी ती आली, मोठ्या कपाळाच्या मुलीची आई. मुलगी जागी, रडून लाल झालेली. मी पुढे होऊन दोन्ही हात पसरले. ती माझ्यासमोर थांबली. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघितलं.

"थारे से नी, बाई," ती हळूच म्हणाली. तुझ्याकडे नाही. आणि मला वळसा घालून तिनं मुलगी मौसीकडे दिली.

मौसीनंच गोळी केवढी द्यायची ते सांगितलं होतं. पण मौसीनं विचारल्याचं उत्तर दिलं होतं. द्यायला सांगणारी मी होते, हे त्या बाईला नीट कळत होतं आणि मलाही. दारात पुढची बाई उभी होती, जुळ्याची आई, दोन्ही कडेवर दोन, दोन्ही भोकाड पसरलेली.

"ले, बेन," ती म्हणाली. "आज दोनों को कुछ नी दिया. अब दिखा तेरे हाथ."

मी दोन्ही घेतली.