चढावर पाठमोरी

घरात मोटार असली की तिच्यापेक्षा तिचे किस्सेच जास्त धावतात. आमच्याकडे पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत दोन होतात. आणि कुणी दादांना "पंप कसा बसवला हो?" असं विचारलंच, तर चहा गार होतो. मी आतल्या दारापाशी उभी राहून ऐकते. त्यातले मी डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच इथे लिहिते आहे.

*

दादा म्हणजे माझे वडील. ते गावचे डॉक्टर. मोटार त्यांनी जुनी घेतली. तिची पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि पेट्रोल आपलं आपण उतारानं इंजिनात जायचं. सपाटीला सगळं ठीक. पण आमच्या वेशीपासूनच औंढ्याकडचा उभा चढ लागतो. तिथं मोटारीनं तोंड वर केलं की इंजिन टाकीच्या वर, पेट्रोल पोचेना, आणि मोटार गप्प!

मग आमचे ड्रायव्हर करीमचाचा मोटार फिरवायचे आणि अख्खा चढ रिव्हर्समध्ये चढायचे. आता टाकी वर, इंजिन खाली. मोटार खुशीत!

पहिल्या दिवशी तांड्याच्या नाईकांनी आपली बैलगाडी थांबवून दादांना विचारलं, "डॉक्टरसाब, रुसून चालले का कुनावर?"

देवळापुढं बसणारे म्हातारे म्हणाले, "औंढ्यात भक्तासाठी देऊळ फिरलं. ही कुनासाठी फिरली?"

*

हिंगोलीचे वकीलसाहेब आपल्या मुलासाठी आमच्या अक्काला बघायला आले. मुलगी पसंत पडली. त्यांना पोचवायला दादांनी हौसेनं मोटार काढली; मीही मागं बसले. चढापाशी करीमचाचांनी ती फिरवली तसे वकीलसाहेब दचकले.

"अहो, मागं काहून नेऊन राहिले? काही विसरलं का?"

चढ संपल्यावर ते खाली उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पोरगी पसंत. मोटार नापसंत! आमची सून पाठमोरी घरी येणार न्हाई. लोक म्हणतील, आली का निघाली? तोंड पुढं करून आणा, न्हाईतर मी बैलगाडी पाठवतो."

दादांना ते फार लागलं. रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "माझी लेक माझ्याच मोटारीतून जाईल, आणि सरळ जाईल!"

लग्नाला दीड महिना उरला होता.

*

दुसरी मोठी लढाई संपल्यावर नांदेडच्या भंगारात फौजी गाड्यांचं सामान येत होतं. दादांनी तिथून बॅटरीवर चालणारा पंप आणला. टाकीतून पेट्रोल ओढून इंजिनापर्यंत ढकलणारा. अंगणात गोणपाट टाकून काम सुरू झालं. नळी कमी पडली, तेव्हा दादांनी दवाखान्यातली एनिमाची रबरी नळी कापून लावली.

त्याच दिवशी पाटील पोट धरून आले.

दादा म्हणाले, "नळी मोटारीला लावली. उद्या या."

पाटील तसेच वाकून मोटारीपाशी गेले. "मग हिला तरी आराम पडला का?"

पडला नाही. पेट्रोलनं रबर फुगलं आणि तिसऱ्या दिवशी नळीचा लगदा झाला. मोटारही बंद, पाटीलही बंद!

*

मग तांब्याची नळी आली. पंप टिकटिक करू लागला. दादा गळ्यातला स्टेथोस्कोप पंपाला लावून डोळे मिटून बसले.

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कसं काय आहे तिचं?"

"नाडी जलद आहे!"

खरंच जलद होती. पंप इतक्या जोरानं पेट्रोल ढकलायचा की कार्बोरेटर भरून वाहू लागायचा. करीमचाचा म्हणाले, "साब, पहले भूखी मरती थी, अब खाके मरती है!" आठ दिवस दादा तिथंच अडले. लग्न जवळ आलं. आई पापडाची लाटी हातात घेऊन बाहेर आली, वाहणाऱ्या पेट्रोलकडे बघितलं आणि म्हणाली, "जास्तीचं परत टाकीत सोडा की. सांडू काहून देता?"

संध्याकाळी एक बारीक नळी पंपाच्या पुढून निघून टाकीत परत गेली. वाहणं थांबलं.

पाहुण्यांना सांगताना दादा एवढा भाग जरा भरभर सांगतात.

*

चाचणीला मोटार सरळ तोंडानं चढ चढली! वरून नाईकांची गाडी येत होती. मोटार बघताच बैल बिथरले आणि गाडी शेतात शिरली.

नाईक ओरडले, "त्यांची काय चूक, साब? चढताना तुमच्या मोटारीचं तोंड त्यांनी कधी पाह्यलंच न्हाई!"

*

पाठवणीच्या दिवशी सगळं गाव वेशीत जमलं. मागं अक्का आणि दाजी, पुढं करीमचाचांच्या शेजारी वकीलसाहेब. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती. मोटार निघाली आणि सरळ चढू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी फेटा सावरून सगळ्यांकडे बघून घेतलं.

अक्कानं मात्र बाजूनं डोकं बाहेर काढलं होतं. मान पूर्ण मागं वळवून ती आमच्याकडे बघत होती.

अर्ध्या चढावर मोटार थांबली.

"पंप!" दादा ओरडले. रेशमी उपरणं टाकून, पान्हा घेऊन धावत सुटले. त्यांच्या मागं मी.

आम्ही पोचेपर्यंत मोटार फिरली होती आणि पाठमोरी, अगदी हळू वर चालली होती. काचेतून अक्काचं तोंड आता समोर दिसत होतं. खाली वेशीकडे बघून ती हात हलवत होती.

दादा मोटारीसमोर चालत, धापा टाकत म्हणाले, "करीम, पंप गेला?"

"पंप बराबर है, साब."

"मग?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून धोतरानं पुसला.

"डॉक्टर, जरा बाजूला सरका. सूनबाईला तिची आई दिसून न्हाई राहिली."