म्हशीच्या पोटातला लोहचुंबक

उद्यमनगरात जळलेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारी, रिवायंडिंगची दुकानं पुष्कळ, पण मोटार दुसऱ्यांदा जळली की लोक संयोगिताचं दुकान हुडकत येतात. पाटीवर अजून सासऱ्यांचंच, गणपतरावांचं नाव आहे. गल्ल्यामागं मात्र ती बसते. "पावणं, मोटार ठेवा आणि निवांत जावा. माझ्या हातनं गेलेली मोटार परत येत न्हाय," हे ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगते. आपलं काम चांगलं आहे हे तिला ठाऊक आहे, आणि ते लपवायची तिला कधी गरज वाटली नाही.

लग्न होऊन ती कोडोलीहून आली तेव्हा असलं काही तिच्या मनात नव्हतं. नवरा विजयसिंह साखर कारखान्यात नोकरीला. दुकानात त्याचं मन कधी रमलं नाही. गणपतराव एकटेच राबायचे. दुपारचा डबा घेऊन येणारी सून डबा ठेवून घरी जात नाही, तारेचे वेढे बघत बसते, हे म्हाताऱ्यानं हेरलं. एक दिवस त्यांनी तांब्याची तार तिच्या हातात दिली.

"घाल बघू. सैल सोडू नको. वेढा सैल झाला की मोटार गुरगुरती."

तिनं घातलेले वेढे त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितले आणि दुसरी मोटार पुढं सरकवली. गणपतरावांची शाबासकी ती एवढीच. संयोगिताला तेवढी पुरली.

पुढं आबांच्या, म्हणजे गणपतरावांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दुकान तिच्याकडं आलं, आणि मग एके दुपारी महांतेश डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. माणूस गडहिंग्लजकडचा, पन्हाळ्याच्या बाजूला गोठ्यागोठ्यांतून हिंडणारा. घरचा पाण्याचा पंप संयोगिताकडून भरून न्यायचे, तेवढी ओळख. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून बोटाएवढ्या, गुळगुळीत लोखंडी कांड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"अक्का, हे लोहचुंबक आहेत. म्हशीला गिळायला देतो आम्ही."

"म्हशीला? लोखंड?"

"व्हय. म्हैस वैरण चावत बसत नाही, आधी गिळते. वैरणीत तार, खिळा असला की तोही पोटात जातो. पोटाच्या पुढच्या कप्प्याला लागूनच काळीज असतं. तार तिकडं घुसली की जनावर हातचं जातं. हा लोहचुंबक तिथं जाऊन बसला की तार धरून ठेवतो. जन्मभर." डॉक्टरांनी एक कांडी खिळ्यांच्या वाटीत बुडवली. कसाबसा एक खिळा चिकटला आणि गळून पडला. "गाडीत आदळून, एकमेकांवर उलटेसुलटे पडून यांचा जोर गेलाय. नवे वेळेवर येत नाहीत. तुमच्याकडं भरून मिळतील का?"

"बघतो की," संयोगिता म्हणाली. म्हणजे शब्द दिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तारेचं कॉइल तयार केलं, आत कांडी ठेवली, वीज जास्त जाऊ नये म्हणून मधे विजेच्या शेगडीचा अडसर घालून कॉइल घरच्या विजेला जोडलं. कांडी भुणभुणली. तिनं ती सावकाश बाहेर ओढली आणि खिळ्यांजवळ नेली. एकही खिळा हलला नाही. काल एक तरी चिकटत होता.

आयुष्य तारेत घालवलं आणि होतं ते बी घालवून बसलो, असं तिला झालं. आबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना दिसत नव्हतं, पण खिळ्यांचा आवाज आला नाही हे त्यांना बरोबर कळलं.

"काय झालं गं?"

"होता तेवढा जोर बी गेला, आबा."

"कंची वीज दिलीस?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, आणि तिथंच थांबली. घरची वीज! ती सारखी दिशा बदलते, एका सेकंदात कितीदा इकडून तिकडं. लोखंडाला तरी कुठल्या दिशेला तोंड करून बसावं ते कसं कळणार?

तिनं मोबाईलवर शोधून वाचलं, व्हिडिओ बघितले. लोखंडाच्या आत बारीक बारीक भाग असतात आणि त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक इवलासा लोहचुंबकच. फक्त प्रत्येकाचं तोंड भलतीकडं, त्यामुळं एकाचा जोर दुसरा मारून टाकतो. तिला चैत्रातली जोतिबाची जत्रा आठवली. डोंगरावर माणूसच माणूस, जो तो आपल्या नादात. आणि देवाच्या उंच सासनकाठ्या हलल्या की सगळी तोंडं एकदम एकीकडं. लोखंडाला तसंच वळवायचं, एकाच दिशेनं, दणक्यात.

मग ती कामाला लागली. जाड तारेचं नवं कॉइल, वेढ्याला वेढा भिडवून. शेजारच्या आकारामच्या गॅरेजातून ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणल्या, एकीला एक जोडल्या. बॅटरीची वीज एकाच दिशेनं धावते. आधी तिनं साधा बोल्ट आत ठेवून बघितला. वीज होती तोवर खिळे चिकटले, वीज तोडताच बहुतेक सगळे खाली. साधं लोखंड चटकन वळतं आणि चटकन विसरतं. मग तिनं कांडी आत ठेवली आणि क्षणभरच तार टेकवली. ठिणगी उडाली, कॉइल हाताखाली हिसकलं. कांडीचा धातू हट्टी, वळायला जड, पण एकदा वळला की विसरत नाही. संयोगितानं ती बाहेर काढून खिळ्यांच्या वाटीवर धरली, तर खिळ्यांचा अख्खा झुबका वर आला. पाना जवळ नेला, तर तो हातातून निसटून कांडीला जाऊन भिडला. सोडवताना तिला जोर लावावा लागला.

"आबा, हात करा इकडं," म्हणत तिनं ते सगळं म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं. आबांनी पाना ओढून बघितला, निघेना. ते मोठ्यानं हसले.

डॉक्टर कांड्या घेऊन गेले, आणि आठवडाभरातच कोडोलीहून आईचा, धोंडुबाईचा फोन आला. घरची म्हैस चंद्री वैरणीला तोंड लावत नव्हती, पाठ कमानीसारखी करून कण्हत उभी होती. कडबाकुट्टीत तार गेली असावी, असं धोंडुबाई रडत सांगत होती. संयोगितानं डॉक्टरांना कळवलं आणि स्वतःही गाठलं माहेर.

गोठ्यात डॉक्टरांनी नळीतून कांडी म्हशीच्या घशाखाली उतरवली, तार काळजाकडं सरकू नये म्हणून पुढचे पाय उंचावर येतील असं तिला उतारावर उभं केलं. मग खिशातून होकायंत्र काढून तिच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपराजवळ, फासळ्यांना टेकवलं. उत्तर दाखवणारी सुई थरथरली आणि झर्रकन वळून म्हशीकडं तोंड करून थांबली.

"बसला जागेवर," डॉक्टर म्हणाले. "तुमचा जोर बाहेरून दिसतोय, अक्का."

धोंडुबाईला काही समजलं नाही. "माझ्या पोरीनं केलंय न्हवं? मग हुईल बरं," म्हणून तिनं डोळे पुसले.

चंद्रीनं पहिले दोन दिवस पाण्यालाच तोंड लावलं. मग रवंथ सुरू झाला, मग वैरण, आणि पुढच्या आठवड्यात धोंडुबाई तिचं दूध घेऊन स्वतः डेअरीत गेली, रस्त्यात भेटेल त्याला सांगत.

त्यानंतर शाहूवाडीपासून राज्याच्या सीमेपर्यंतचे जनावरांचे डॉक्टर संयोगिताकडं येऊ लागले. ती आता बिनजोराच्या नव्या कांड्याच मागवते आणि भरून देते. प्रत्येक कांडी खिळ्यांच्या वाटीत बुडवून बघितल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही. मागच्या वर्षी कोडोलीच्या दूध संस्थेनं तिला सभेत बोलावलं. महांतेश डॉक्टरांनी म्हातारी होऊन मेलेल्या एका म्हशीच्या पोटातून निघालेली कांडी सोबत आणली होती. तिच्यावर तारा, खिळे, एक मोडकी सुई असं काटेरी बोंड जमलं होतं. ती कांडी बाकांवरून हातोहात फिरली. बायका हात लावून बघत होत्या आणि मान हलवत होत्या.

माइक हातात घेऊन संयोगिता म्हणाली, "ही म्हैस ह्या लोखंडापायी मेली न्हाय, म्हातारी होऊन मेली. ह्यातला जोर मी भरलाय. ज्याला शिकायचंय त्यानं दुकानात यावं, मी शिकवतो."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेले गणपतराव शेजारच्याला कोपरानं ढोसत विचारत होते, "ऐकलास? सून हाय माझी."