गौरीसाठी चुकवलेल्या गोळ्या

पन्नाशीच्या तोंडावर पाळी थांबली तेव्हा मी देवाला हात जोडले होते. सुटले एकदाची! कसलं काय. अंगातून नुसत्या वाफा निघायच्या, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि खांब गावच्या शाळेत चौथीच्या वर्गापुढे उभी राहिले की साधे शब्द सुचायचे नाहीत. पोरांवर सारखी खेकसायची.

पेणच्या डॉक्टरबाईंनी हार्मोनचं औषध सुरू केलं. रोज दंडाला जेल चोळायचं आणि महिन्यातले ठरावीक दिवस गोळी घ्यायची. "मात्रा जुळायला वेळ लागतो, घाई करू नका," असं त्यांनी बजावलं होतं. एकदोनदा मात्रा बदलली आणि पावसाळ्यात मी खरंच जरा माणसात आले. फक्त महिन्याच्या गोळ्या संपल्या की पाळीसारखं रक्त जायचं.

ते नेमकं गौरीत येणार होतं. आमच्या रोह्याच्या घरात अडचण आली की बाई गौरीला शिवत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले. "गो, तुझं आता सगळं आटपलंय, यंदा गौर तूच आण," असं त्या आधीच म्हणून बसल्या होत्या. परत सुरू झालंय हे या वयात त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? मग मी डोकं चालवलं. गोळ्यांनंतर जातं ना, मग गोळ्याच नकोत. जेल तेवढं चालू ठेवलं. जन्मभर सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खाल्ल्या, त्यात डॉक्टरला काय विचारायचं?

गौर थाटात आणली. पुढे नवरात्र आलं म्हणून तेव्हाही गोळ्या टाळल्या. मग जे रक्त सुरू झालं ते थांबेचना. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं दिसलं. डॉक्टरबाई चांगल्याच भडकल्या. "अहो, जेलनं अस्तर वाढतं, ते गोळी आवरते. सोडलीतच कशी?" तपासणीत वाईट काही निघालं नाही, पण तोवर सगळं औषध बंद. नंतर परत पहिल्यापासून सुरुवात.

त्या महिन्यांत वाफा, जागरण, विसरणं सगळं परत आलं. एकदा फळ्यापुढे 'अपूर्णांक' हा शब्दच आठवेना. वर्ग खिदळला, मी खडू फेकला आणि पोरांसमोरच रडले. घरी येऊन म्हटलं, बास, आपलं डोकं गेलं कामातून. नवरा म्हणाला, "जरा दम धर." ऐकते कशाला! स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन मोकळी झाले.

निवृत्त झाले आणि मग मात्रा जुळली. आता झोप लागते, डोकं कसं लख्ख. सकाळी साडी नेसून तयार होते आणि जायचं कुठेच नसतं. फार वाईट वाटतं हो.

परवा तपासणीला गेले तर डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "काय, आता वर्गात शब्द सुचतात ना?"

नोकरी सोडली, म्हटलं. त्यांचा लिहिता हात थांबला. "अहो बाई, आधी मला विचारायचं तरी!"

इतकी वर्षं पोरांना मी तेच तर सांगत आले होते. नाय कळलं तर विचारा रे, लाजताय कसले.