जावेच्या नंबरावर

आमच्या हर्णेत मी कॅन्सरची डॉक्टरीण. किती वेळा सांगितलं, बायांनो, मी डॉक्टर नाही, औषध देत नाही, मी नुसती स्तनांची एक्स-रे चित्रं बघते आणि त्यातली गाठ संगणकाला ओळखता यावी म्हणून मोजमापं करत बसते. "म्हणजे डॉक्टरच की गो!" झालं, संपलं.

रत्नागिरीला मी ह्या अभ्यासाच्या कामावर दोन वर्षांसाठी आले होते. मुंबईचे सर म्हणाले, तू त्या किनाऱ्याची, तुला तिथली बोली येते, बायका तुझं ऐकतील. हे सहावं वर्ष आहे. माझ्याबरोबरचे सगळे कुठे कुठे पोचले आणि मी त्याच खोलीत. संगणकाचे पडदे नीट दिसावेत म्हणून खिडक्यांना काळे कागद लावलेत. बाहेर पाऊस लागलाय हे मला आत येणाऱ्यांच्या चपलांवरून कळतं. काम सोडून जावं तर सहा वर्षं फुकट, राहावं तर आयुष्य इथेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आमची मशीनची गाडी गावोगाव फिरते. प्रत्येक बाईला नंबराचं कार्ड. मला आणि मुंबईच्या डॉक्टरांना फक्त नंबर दिसतो, नाव नाही. आपल्या माणसाला झुकतं माप मिळू नये म्हणून. सहा महिन्यांनी प्रत्येकीने दुसऱ्या फेरीला यायचं. ती आली नाही तर तिचं पहिलं चित्रही आमच्या अभ्यासाला निरुपयोगी. हर्णेची दुसरी फेरी तोंडावर आली तेव्हा मी घरी जाऊन आईसमोर अक्षरशः थयथयाट केला होता. "ह्या बायका मासळीच्या लिलावाला पळणार आणि माझं काम पाण्यात जाणार! एक जरी चुकली ना, तर बघ!"

एकही चुकली नाही. मला कोण आनंद!

त्या फेरीत एका नंबराचं चित्र बघून मी चकित झाले. पहिल्या फेरीत तिथे छोटा संशयास्पद डाग होता, सहा महिन्यांनी परत बघू असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. परत तर सगळ्यांनाच यायचं होतं, त्यामुळे त्या बाईलाही त्यात काही वेगळं वाटलं नसणार. आता डाग नाहीच. डॉक्टरांनी लिहिलं, गाठ नाही, वर्षाने या. मला मात्र एक गोष्ट खटकली होती. पहिल्या चित्रातलं मांस दाट, पांढरं होतं आणि दुसऱ्यातलं विरळ. सहा महिन्यांत इतका फरक पडत नाही, हे मला कळत होतं. पण सरांपुढे सगळं मांडायचं होतं, आठवडा उरला होता. मशीनमध्ये दाब कमी-जास्त पडला असेल, असं मीच माझं मला समजावलं आणि 'निरुपद्रवी डाग' म्हणून ते चित्र सगळ्यांत आधी दाखवलं. सरांनी पाठ थोपटली.

त्यानंतर चार महिन्यांनी एका रविवारी मी घरी गेले होते. आई अंगणात बोंबील उलटत होती. मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "तुझी एक बाय चुकू दिली नाय मी. धाकलीची होडी त्या दिवशी बंदराला लागली, लिलाव सोडून ती कशी येणार? तिचं कार्ड घेऊन मीच बसले. आदल्या दिवशी माझा नंबर, दुसऱ्या दिवशी तिचा. दोनदा चेपून घेतलं तुझ्या मेल्या मशीनीत!"

धाकली म्हणजे माझी काकी, आईची जाऊ. आमच्याकडे लिलावात एकीची रिकामी पाटी जागेवर मांडलेली असली की तिच्या नावाने दुसरी बोली लावते, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मशीनपुढेही आईने तेच केलं. माझ्यासाठी केलं.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारून नावांची यादी उघडली. आईचं चित्र आणि काकीच्या नंबराचं चित्र शेजारी ठेवलं. एकच बाई. डाग गेला नव्हता, डाग काकीच्या अंगात होता आणि आम्ही तिला वर्षाने या म्हणून चिठ्ठी दिली होती. आईचा राग आला, मग स्वतःचा इतका आला की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला ते खटकलं होतं ना!

काकीला रत्नागिरीला बोलावून घेतलं. गाठ वाढली होती. सुईने तपासली, कॅन्सरच निघाला. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या डोळेझाकीसकट. ती म्हणाली, "ती माझ्या जागी बसली म्हणून उशीर झाला, हे तुझ्या आयला सांगू नको. हाय खाईल ती. मीच गेले नाय, माझंच चुकलं, असं समजू दे." सरांनाही मी सगळं लिहून कळवलं. ते रागावले, ते चित्र काढून टाकलं, आणि तिथे विषय मिटला. घरातला मिटला नाही.

काकीची मुंबईला केमो सुरू झाली. गाठ मशीनमध्ये सापडली एवढंच माहीत असलेली आई गावात सांगत सुटली, "माझ्या लेकीच्या मशीनीने पकडलान!" मी शेजारी उभी राहून ऐकायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गेल्या महिन्यात काकी केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधून घरी आली. ती निजल्यावर आई माझ्याजवळ आली. हात पदराला पुसत म्हणाली, "त्या दिवशी ती बसली असती, तर तेव्हाच दिसलं असतं ना गो?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा इतकं बारीक होतं की कोणालाच दिसलं नसतं."

आईने माझ्याकडे नीट बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या फेरीतून माझं नाव काढ. बारीक गाठ दिसतच नाय, तर मला नाय बसायचं त्या मशीनीत."

मी समजावलं, चिडले, हातापाया पडले. ती नाय म्हणजे नाय. खरं काय ते कबूल केल्याशिवाय तिला हट्ट सोड म्हणता येत नाही, आणि कबूल केलं तर ती त्यातून उभी राहायची नाही. पुढच्या आठवड्यात गाडी हर्णेला जाते आहे. यादीत तिचा नंबर अजून आहे.